सहा तावदानं

समोर चार मजले उभे राहिले
आणि त्यांच्या जिन्याची खिडकी
नेमकी आमच्या ओट्याकडे तोंड करून बसली.
पडदा लावावा तर गॅसची भीती.
पुष्पलता म्हणाली, काच रंगवा नं जी,
रिकामेच तर बसता.

इतवारीत हकिमुद्दीनभाईंनी काउंटरवर
अंगठ्याएवढ्या बाटल्या मांडल्या.
पाण्याचा की थिनरचा?
मला दोन्ही सारखेच दिसले.
पाण्याचा पोरं घेतात काका, शाळेसाठी,
पण ओट्यापाशी वाफ येते,
कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला
सालपटासारखा सुटून येईल.
थिनरचा न्या. वास चार दिवस राहील,
रंग तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त.

मी एकेक बाटली दाराच्या उन्हाला धरली.
ही सवय जुनी.
एकतीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या तळघरात
फिल्मा धुतल्या,
आणि ओल्याच उजेडाला धरून पाहिल्या
लोकांच्या बरगड्या, मोडलेली मनगटं,
कुण्या पोरानं गिळलेलं एक रुपयाचं नाणं.
निळा घेतला. हिरवा घेतला, थोडा पिवळा.
लाल मात्र परत ठेवला,
बिल झाल्यावर पुन्हा मागितला.

मे महिना. सहाही तावदानं चौकटीतून काढून
दिवाणावर आडवी निजवली,
उभ्या काचेवर रंग ओघळतो.
आधी साबण, मग स्पिरिट,
आणि नंतर फक्त कडेला धरायचं,
बोटाचा ठसा राहिला तर रंग त्याच्याभोवती फिरतो,
त्याच्यावर बसत नाही.
काळ्या लाइनरनं रेघ ओढली, शिशासारखी फुगीर,
जिथं हात थांबला तिथं थेंब जमला.
रेघेला फट नको. एवढीशी फट असली
तरी निळा हिरव्यात घुसतो
आणि मग भांडण कुणालाच सोडवता येत नाही.

कुंचला घासायचा नसतो.
रंग थेंबानं ठेवायचा, कडेपासून आत,
तो आपला आपण पसरतो.
बुडबुडा आला तर सुई.
पण नागपूरच्या दुपारी रंग कुंचल्यावरच वाळतो,
आणि कूलर लावला तर वाळ्याच्या ताटीतून
काड्या उडत येतात.
म्हणून कूलर बंद.
बनियन पाठीला चिकटलेलं,
कपाळाचा एक थेंब पिवळ्यात पडला
आणि तिथं चंद्रासारखं भोक राहिलं.
एक काडी तरी निळ्यात गेलीच.
आता तिथंच आहे, मासोळीच्या काट्यासारखी.

लाल शेवटी भरला. दोन तावदानं, वरची.
पुष्पलतानं थिनरच्या वासानं पदर नाकाला लावला,
घरी बी अंधारखोली करता का आता?
मी काही बोललो नाही.
तिनं ती खोली कधी पाहिली नव्हती.
बाहेर पाटी असायची, दार उघडू नये.

चौथ्या दिवशी, साडेपाचला
ऊन पश्चिमेकडून खिडकीत आलं.
ती भाकर थापत होती.
लाल तिच्या कोपरावर, परातीच्या काठावर,
बांगडीखाली, पिठानं भरलेल्या बोटांवर.
त्या एका दिव्याखाली मी एकटा उभा असायचो,
ट्रे हलवत, मनात सेकंद मोजत,
आणि पांढऱ्यातून काळं हळूहळू वर यायचं.
आज त्याच उजेडात ती.
मी दारात थांबलो. आपोआप मोजायला लागलो.

अहो, तिनं मान न वळवताच म्हटलं,
चांगलं दिसून राहिलं, पण
कांदा लाल झाला का नाही
काही समजतच नाही जी,
कच्चाबी लालच दिसते.

दाढीचं ब्लेड शोधलं, स्टुलावर चढलो,
आणि खालच्या कोपऱ्यात
कढईवर उजेड पडेल असा
एक चौकोन खरवडून काढला,
कांद्यापुरता.
समोरच्या जिन्यातून कुणीतरी खाली उतरत होतं,
हातात पिशवी,
क्षणभर थांबलं, वर पाहिलं.